आम्ही दोघे मिळून लिहून देतो की, आमचे संगनमत नाही

मुलुंडमधल्या नवरा-बायकोचं बिनसलं तर त्यांनी वांद्र्याला जायचं. तेच जोडपं चेकनाक्याच्या पलीकडे राहत असतं तर ठाण्याला. भांडण तेच, कारण तेच, सासूही तीच. पण महापालिकेची हद्द बदलली की न्यायालय बदलतं. मुंबई शहर आणि उपनगर या दोन्ही जिल्ह्यांतले विस्कटलेले संसार १९८९ पासून वांद्रे पूर्वेच्या कौटुंबिक न्यायालयात जातात. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, सगळ्यांचा पत्ता एकच. त्यात कायद्याने एक फट ठेवली आहे : लग्न जिथे लागलं तिथेही अर्ज करता येतो. म्हणजे ‘मुलुंडचा हॉल महाग पडतोय, ठाण्यात घेऊ’ असं ज्या वधूपित्याने त्या वेळी ठरवलं, त्याने लेकीची कुर्ल्याची गर्दी वाचवून ठेवली होती. बिचाऱ्याला वाटत होतं, आपण जेवणाच्या ताटामागे पैसे वाचवले.

मी बोरिवली पूर्वेच्या एका सोसायटीचा सेक्रेटरी आहे. ज्याच्याकडे शिक्का असतो त्याला कायदा कळतो, असा आपल्याकडे समज आहे. गळती, पार्किंग आणि कबुतरं या विषयांवर मी अधिकाराने बोलू शकतो. पण लोक घटस्फोटाचे कागदही ‘काका, जरा नजर टाका’ म्हणून माझ्या डायनिंग टेबलावर आणून ठेवतात. भाच्याचे मित्र आणतात, मेव्हण्याच्या ऑफिसातले लोक आणतात. एका बाईंनी तर थालीपिठाच्या डब्याबरोबर पाठवले होते. नजर टाकता टाकता माझ्या एक गोष्ट लक्षात आली. लग्न करताना नवरा-बायकोला काहीही वाचावं लागत नाही. मंत्र गुरुजी म्हणतात, याद्या आई-वडील करतात, पत्रिकेचा मजकूर छापखान्यात तयार असतो. घटस्फोट मात्र दोघांनी मिळून लिहायचा, ओळ न् ओळ वाचायचा आणि प्रत्येक पानावर सही करायची. इतकं एकमत त्या घरात हनिमूनच्या बुकिंगनंतर झालेलं नसतं.

हे सगळं वकिलाशिवाय जमेल का, हा पहिला प्रश्न. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याचं तेरावं कलम वाचलं की कोणत्याही पगारदार माणसाला बरं वाटतं. वकिलामार्फत बाजू मांडणं हा या न्यायालयात पक्षकाराचा हक्क नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. कायदा करणाऱ्यांची कल्पना अशी की, नवरा-बायको न्यायाधीशांसमोर बसतील, मनातलं बोलतील, विवाह समुपदेशक समजूत घालतील आणि काळ्या कोटाची गरजच पडणार नाही. फारच अडलं तर न्यायालय स्वतःच कायद्याच्या जाणकाराची मदत घेईल. प्रत्यक्षात वकील येतो. हक्काने येता येत नाही म्हणून परवानगीने येतो. त्यामुळे वकील लावलात तर सुरुवातीच्या कागदांत एक अर्ज असतो : आम्हाला वकील लावू द्यावा. हा अर्ज कोण लिहितं? वकील.

न लावणाऱ्याला कोर्टात ‘पार्टी इन पर्सन’ म्हणतात. अंधेरीतलं असं एक जोडपं माझ्या पाहण्यात आलं. दोघेही आयटीत, मरोळला भाड्याने राहणारे, मूल नाही, फ्लॅट नाही, कर्ज नाही, आरडाओरडा तर नाहीच. त्यांनी संसाराची एक्सेल शीट केली होती. कोणाचं काय, कोण किती देणं लागतो, सगळं रंग भरून. अर्ज त्यांनी एआयकडून लिहून घेतला आणि इंटरनेटवरच्या एका नमुन्यात ओतला. मजकूर उत्तम. फक्त वरच्या ओळीत ‘तीस हजारी, दिल्ली’ तसंच राहिलं होतं आणि पाचव्या परिच्छेदात दोन अज्ञान अपत्यांचा ताबा आईकडे दिला होता. ती वाचता वाचता थांबली आणि म्हणाली, “ही मुलं कोणाची?” तो नमुन्यात आहेत म्हणाला. “ते मला दिसतंय. कोणाची?” म्हणाली ती. मी चहा टाकायला आत गेलो.

अपत्यं खोडली, तेव्हा पुढचा प्रश्न आला : अर्जदार नंबर एक कोण? परस्परसंमतीच्या अर्जात वादी-प्रतिवादी नसतात, दोघेही अर्जदार असतात; पण कागदावर एकाचं नाव वर आणि दुसऱ्याचं खाली येणारच. ज्यांच्या भांडणाचं मूळच ‘या घरात माझं नाव शेवटी’ हे असतं, त्यांनी हे कसं सोडवायचं? घाटकोपरच्या एका जोडप्याचा अर्ज याच मुद्द्यावर बरेच दिवस अडून राहिला होता. मग कोणीतरी सांगितलं की, घटस्फोट-पोटगीसारख्या प्रकरणांत महाराष्ट्रात महिलांना १९९४ पासून कोर्ट फी माफ आहे. नवरा मोठ्या मनाने म्हणाला, “तूच हो नंबर एक.” रक्कम फार नव्हती, पण सवय जुनी होती.

आता या अर्जातलं माझं सर्वात लाडकं वाक्य. हिंदू विवाह कायद्याच्या विसाव्या कलमाप्रमाणे अर्जदाराने लिहून द्यावं लागतं की, आमच्या दोघांत संगनमत नाही. परस्परसंमतीच्या अर्जातही हे वाक्य घालतात. दोघांनी एका टेबलावर बसून, एका पेनाने, एकमेकांची स्पेलिंगं सुधारत सही करायची की आमचं संगनमत नाही. अर्थात कायद्याला म्हणायचंय ते असं की, न्यायालयाला फसवायला तुम्ही एकत्र आलेला नाहीत. पण सामान्य माणूस ते वाक्य वाचून एकदा जोडीदाराकडे बघतोच, आणि मी पाहिलंय, त्या वेळी दोघांना हसू येतं.

दुसरं वाक्य : ‘आम्ही एक वर्षाहून अधिक काळ वेगळे राहत आहोत.’ उपनगरात वेगळं राहायचं म्हणजे डिपॉझिट आलं, ब्रोकरेज आलं, अकरा महिन्यांचं अॅग्रीमेंट आलं. एका पगारात दोन भाडी भरण्यापेक्षा माणूस भांडण मिटवणं पसंत करेल. पण सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सांगून ठेवलंय की, वेगळं राहणं म्हणजे नवरा-बायको म्हणून न राहणं. छप्पर एक असलं तरी चालतं. वन बीएचकेतल्या लोकांवर हे फार मोठे उपकार आहेत. हॉलमध्ये नंबर दोन, बेडरूममध्ये नंबर एक आणि स्वयंपाकघरात तह. माझ्या वरच्या मजल्यावर असा संसार दीड वर्ष चालला. त्या काळात त्यांच्याकडून एकदाही भांडणाचा आवाज आला नाही. शेजारी म्हणायचे, काय छान जमतं हो त्यांचं.

मग पुरावे. लग्न झाल्याचं सिद्ध केल्याशिवाय मोडता येत नाही. पत्रिका जोडावी लागते, फोटो जोडावे लागतात. कपाटावरची बॅग उतरवून अल्बम काढायचा आणि त्यातून ‘दोघांचे चेहरे स्पष्ट दिसतील’ असा फोटो निवडायचा. अंतरपाट धरलेला चालत नाही, घास भरवतानाचा शोभत नाही. शेवटी मंगळसूत्र घालतानाचा निघतो, त्यात मागे आत्या डोळे पुसत असते. पत्रिकेची झेरॉक्स तर वाचवत नाही. वर गणपती, खाली ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!’ आणि त्याखाली तीन चिमण्या नावं. त्या मजकुरावर ‘एक्झिबिट ए’ असा शिक्का बसतो. त्यातली एक चिमुरडी आता लॉ करतेय आणि हीच झेरॉक्स तिने काढून आणली होती.

नोंदणी हा वेगळाच अध्याय. पुष्कळांनी लग्नाची नोंदणी केलेलीच नसते. त्यामुळे रीतीने लागलेलं लग्न काही रद्द होत नाही, आणि पत्रिका-फोटो-प्रतिज्ञापत्रावर काम भागू शकतं. तरीही ‘सर्टिफिकेट असलेलं बरं’ असं कोणीतरी सांगतं आणि जोडपं वॉर्ड ऑफिसला निघतं. घाटकोपरचं एन वॉर्डात, मुलुंडचं टी वॉर्डात. १९९८ च्या कायद्याखालच्या त्या फॉर्मवर तीन साक्षीदार लागतात आणि लग्न लावणारे गुरुजीही सहीला लागतात. एका जोडप्याने चौदा वर्षांनी गुरुजींना शोधून काढलं. गुरुजी खूश. “परदेशात निघालात वाटतं दोघं?” दोघं एकदम हो म्हणाले. गुरुजींनी सही केली, अष्टपुत्रा सौभाग्यवती भव असा आशीर्वाद दिला आणि दक्षिणा घेतली नाही. त्या आशीर्वादाचं काय करायचं, हे कोणत्याच कलमात नाही.

स्टॅम्प पेपरविषयी आपल्या माणसाच्या मनात जी श्रद्धा आहे ती पाहून मी चकित होतो. न्यायालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात २००४ पासून मुद्रांक शुल्क माफ आहे. साधा कागद चालतो. पण स्टॅम्प पेपर हातात असल्याशिवाय आपण खरं बोलतोय असं आपल्याला वाटतच नाही. पूर्वी ही श्रद्धा शंभरात भागायची. ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारने शंभर-दोनशेचं किमान शुल्क पाचशेवर नेलं, तरी भक्त कमी झालेले दिसत नाहीत. नुसती श्रद्धा असती तर ठीक. यातले काही जण स्टॅम्प पेपरवर दोन सह्या करतात, नोटरीचा लाल शिक्का मारून घेतात आणि सुटलो म्हणून घरी येतात. सुटलेले नसतात. नोटरीला लग्न लावता येत नाही आणि मोडताही येत नाही. केंद्राच्या विधी विभागाने २०२४ मध्ये नोटरींना तसं बजावलंही. काही समाजांत पूर्वापार काडीमोड होता, पंचांसमोर काडी मोडली की झालं, आणि अशा रूढीला हिंदू विवाह कायद्याने आजही जागा ठेवली आहे. पण ती रूढी आपल्यात आहे हे सिद्ध करावं लागतं. म्हणजे काडी मोडायलासुद्धा आता झेरॉक्स लागते.

याच शहरात रखमाबाईंनी काय सोसलं ते आठवलं की मात्र झेरॉक्सबद्दल कुरकुर करायला लाज वाटते. लहानपणी लावून दिलेल्या लग्नाच्या नवऱ्याने, दादाजी भिकाजी यांनी, १८८४ मध्ये त्यांना नांदायला पाठवावं म्हणून मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. पहिला निकाल बाईंच्या बाजूने, मग अपील, आणि १८८७ मध्ये हुकूम : नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. त्या तुरुंग चालेल म्हणाल्या. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड होऊन प्रकरण मिटलं आणि त्या पुढे डॉक्टर झाल्या. मुंबई प्रांतात हिंदूंना घटस्फोटाचा कायदा मिळायला १९४७ उजाडलं, देशभर १९५५, आणि ‘आम्हाला दोघांनाही नको आहे’ एवढं कारण पुरेसं ठरायला १९७६.

पुन्हा टेबलावर येऊ, कारण खरा कागद अजून यायचाय. तो म्हणजे कन्सेंट टर्म्स. अर्ज नमुन्यावरून लिहिता येतो. कन्सेंट टर्म्स येत नाहीत. त्यात पोटगी, एकरकमी की दरमहा. त्यात स्त्रीधन : पाटल्या, तोडे, चांदीचं ताट, वाट्या किती. रुखवतातलं पुरणयंत्र कोणालाच नको असतं, पण ‘तुझ्याकडे राहू दे’ म्हटलं की दोघांनाही अपमान वाटतो. आणि मूल असेल तर त्याच्या वर्षाचे तुकडे. मे महिना अर्धा अर्धा, दिवाळीत पाडवा इकडे आणि भाऊबीज तिकडे. इथवर सगळे येतात. अडतं ते गणपतीवर. एका प्रकरणात वडिलांचं घर सावंतवाडीकडे, गणपती तिथला, पाच दिवसांचा. आईच्या माहेरी बोरिवलीत गौरी. मुलगा कुठे? दोन्ही वकील, दोन्ही आजोबा आणि मी, असा बराच वेळ खल झाला. शेवटी असं ठरलं की, मुलगा गावी जाईल, पण गौरी आवाहनापर्यंत परत येईल. लगेच आजोबांनी विचारलं, “तिकीट कोण काढणार?” रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं आणि गणपतीच्या गाड्या बघता बघता भरतात. म्हणून कलमात भर पडली : ‘अर्जदार क्रमांक दोन यांनी आरक्षण उघडताच परतीचे तिकीट काढून त्याची प्रत अर्जदार क्रमांक एक यांना व्हॉट्सअॅपवर पाठवावी.’ वकिलाने विचारलं, वेटिंग लिस्ट आली तर? कोणी काही बोलेना. मला वाटतं, चांगला वकील तो हाच. कायदा सगळ्यांनाच गूगलवर मिळतो. वेटिंग लिस्टचा प्रश्न ज्याला आधी सुचतो त्याला फी द्यावी.

फ्लॅटच्या बाबतीत तर वकिलाची गरज मला सोसायटीच्या बाजूनेही कळते. शेअर सर्टिफिकेटवर दोघांची नावं, बँकेत दोघांचं कर्ज, मेंटेनन्सची थकबाकी मात्र कोणाच्याच नावावर नाही. नवरा आपला हिस्सा बायकोला देणार असेल तर त्याचं बक्षीसपत्र करतात. नवरा-बायकोतल्या राहत्या घराच्या बक्षिसाला आपल्याकडे मुद्रांक शुल्क नाममात्र आहे, वरचा अधिभार काय असेल तो वेगळा. पण ही सवलत नात्याला आहे. नातं संपल्यावर देत बसलात तर ती मिळेल असं धरून चालू नका. शिवाय बक्षीसपत्रात एक ठरलेलं वाक्य असतं : ‘नैसर्गिक प्रेम व जिव्हाळ्यापोटी.’ ते वाक्य, घटस्फोटाच्या फायलीच्या वर फाईल ठेवून, रजिस्ट्रेशन ऑफिसात कॅमेऱ्यासमोर अंगठे देत मान्य करायचं. आमच्या विंगेतल्या एका गृहस्थांनी वकिलाला विचारलं, आधी डिक्री घेऊ का? वकील म्हणाला, “आधी प्रेम, मग डिक्री.”

वकिलांच्या जाहिरातींबद्दल एक शब्द. बार कौन्सिलच्या नियमाने वकिलाला जाहिरात करता येत नाही. तरी लोकलच्या डब्यात बाबा बंगालीच्या शेजारी ‘कोर्ट मॅरेज, डिव्होर्स, झटपट’ असं स्टिकर दिसतं. बाबा प्रेमविवाह जमवून देणार, शेजारचा तो मोडून देणार, दोघांचेही मोबाइल नंबर दहा आकडी. यातल्या कोणालाही फोन करू नका. पैशांची अडचण असेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा नंबर आहे. स्त्रियांना तर उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मागता येतो. हे स्टिकर मात्र कोणी लावत नाही.

अर्ज दाखल झाला की सहा महिने थांबायचं असतं. दोघांना पुन्हा एकमेकांची ओढ वाटली तर वाटू दे, म्हणून. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, दीड वर्ष वेगळे राहिला असाल, देणं-घेणं आणि मुलांचा प्रश्न खरोखर मिटला असेल आणि समेटाचा प्रयत्न फसला असेल, तर हा काळ न्यायालय माफ करू शकतं. तोवर समुपदेशकांकडे जायचं. तिथे दोघांना वेगवेगळं आणि एकत्र विचारतात आणि बोललेलं बाहेर जात नाही, हे फार चांगलं आहे. आमच्या मरोळच्या जोडप्याला विचारलं, काही जमण्यासारखं आहे का? दोघांनी एकाच सुरात, एकाच शब्दांत नाही म्हटलं, आणि मग वांद्रे स्टेशनपर्यंत एकाच शेअर रिक्षाने गेले. नंबर दोनने दोघांचे पैसे दिले. एक्सेलमध्ये त्याची नोंद झाली.

त्यांचं काम वकिलाशिवाय झालं. होणारच होतं, कारण वाटायला त्यांच्याकडे काही नव्हतं. तुमचंही तसं असेल तर खुशाल स्वतः जा, तेरावं कलम तुमच्यासाठीच लिहिलंय. मूल, फ्लॅट किंवा गावचा गणपती, यांपैकी एक जरी असलं तरी निदान कन्सेंट टर्म्स वकिलाला दाखवा, आणि शक्यतो आपापल्या वकिलाला. सेक्रेटरीला दाखवू नका. त्याला गळतीतलं कळतं. आणि डिक्री झाली की तिच्या सर्टिफाइड प्रती एकापेक्षा जास्त काढून ठेवा. पासपोर्टला लागते, बँकेत लागते, पुन्हा लग्न करायचं ठरलं तर तिथेही आधी तीच मागतात. फक्त ती लॅमिनेट करू नका.